निशाणी नांगर



पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती 1875 साली, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने. त्याच वर्षी 12 मे रोजी, पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. माणसं दूरच्या सत्तेविरुद्ध का उठतात, हा आजचा माझा विषय आहे. त्याचं उत्तर मी सुप्याच्या बाजारात शोधणार आहे.

त्या दिवशी धान्य लुटलं गेलं, आगही लागली. पण जमावाची खरी मागणी एकच होती: खतं बाहेर काढा. कर्जखतं, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे, वह्या. जे हाती लागलं ते रस्त्यावर टाकून जाळलं. सुप्यानंतर पुणे जिल्ह्यात आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात तीसहून अधिक गावांत हेच घडलं. सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. चिडलेला, भुकेलेला जमाव हाती माणूस सापडला असताना त्याला सोडतो आणि कागद तेवढे जाळतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपला शत्रू नेमका कुठे आहे, हे त्यांना कळलं होतं.

असं एक खत मी पाहिलं आहे. एका जुन्या घरातल्या बाडात ते होतं. स्टॅम्पाचा कागद, वर मोडीतल्या घट्ट ओळी, आणि खाली कर्जदाराच्या नावापुढे एक छोटंसं चित्र. रुमणं, इसाड, फाळ, तीन-चार रेघांत काढलेला नांगर. लिहिता न येणारा कुणबी सही म्हणून नांगर काढायचा. 'निशाणी नांगर'. वरच्या ओळी वाचता येणारे दोघेच, लिहिणारा आणि सावकार. ज्याचं घरदार त्या ओळींत अडकलं होतं त्याला त्यातलं फक्त ते चित्र ओळखू येत होतं. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

आता सावकार काही इंग्रजांनी आणला नाही. तो आधीही होता आणि व्याजही घेत होता. पण तो गावात राहायचा, गावाची भीड त्याला होती. दामदुपटीची जुनी चाल होती, व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. आणि वसुलीसाठी कुळाची जमीन लिलावात काढणारं कोर्ट त्याच्या पाठीशी नव्हतं. इंग्रजी अमलात ते आलं. 1859 साली मुदतीचा कायदा झाला: तीन वर्षांत दावा लावला नाही तर खत बाद. व्याज साचू नये, कुळाचं रक्षण व्हावं, हा त्यामागचा हेतू. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालू लागला. शंभर रुपये शेकडा पंचवीस दराने घेतले असं धरा. तीन वर्षांनी नव्या खतावर 175, सहा वर्षांनी 306, नऊ वर्षांनी 536. दामदुपट कागदावर शाबूत राहिली आणि कर्ज पाचपट झालं. दर वेळी खाली नवा नांगर.

मग कोर्टाचं समन्स निघे. तालुक्याच्या गावी जायला पैसा नाही, वकील नाही, तारीख कळलेली नाही. हुकूमनामा एकतर्फी. मुन्सफ काही दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे खत होतं, त्यावर निशाणी होती, आणि कायद्याने त्याला तेवढंच पाहायला सांगितलं होतं.

या साऱ्याच्या वर सारा. तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत 1860 नंतरच्या दशकात संपू लागली आणि फेरपाहणीत कित्येक गावांचा धारा पन्नास टक्क्यांहून जास्त वाढला. वाढ ठरली ती कापसाच्या तेजीच्या आशेवर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला भाव आला. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. 1865 साली ते युद्ध संपलं. भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला, सारा मात्र चढाच राहिला. कुणब्याने ते युद्ध पाहिलं नव्हतं, लिव्हरपूलचा बाजार पाहिला नव्हता, धारा ठरवणारा साहेबही पाहिला नव्हता. त्याच्या आयुष्याचे निर्णय अशा ठिकाणी होत होते जिथे त्याचा आवाज पोचण्याची सोयच नव्हती. माझ्या मते सत्तेचं दूरपण हे असं असतं. ते मैलांत मोजता येत नाही. पुण्याचा कलेक्टर सुप्यापासून लंडनइतकाच लांब होता.

अमेरिकेतल्या वसाहतींचंही बंड कागदावरूनच पेटलं होतं, हे इथे आठवतं. 1765 साली ब्रिटिश पार्लमेंटने तिथल्या दस्तऐवजांवर, वर्तमानपत्रांवर, पत्त्यांच्या जोडांवरही स्टॅम्पाचा कर बसवला. कर काही डोईजड नव्हता. पण ज्या सभेत आमचा एकही माणूस नाही तिने आमच्या खिशात हात घालू नये, असं तिथले लोक म्हणाले. वर्षभरात कर मागे घ्यावा लागला. 1875 सालीच आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही हिंदुस्थानचे प्रतिनिधी पार्लमेंटात घ्यावेत असा अर्ज विलायतेला पाठवला होता. तो मान्य झाला नाही.

लोक गरिबीने उठतात असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. केवळ गरिबीने माणूस मरतो, गाव सोडून जातो. उठतो तो सगळे दरवाजे वाजवून झाल्यावर. सुप्याआधीही दरवाजे वाजवले गेले होते. साऱ्याविरुद्ध अर्ज झाले, सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. 1874 अखेर शिरूर तालुक्यातल्या करड्यात एका सावकाराने तिथल्या देशमुखांच्या घरावर हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने दगड उचलला नाही, बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत थांबवली, पाणी भरणाऱ्याने पाणी. गावाने आपल्या हाताशी होतं ते शेवटचं सनदशीर हत्यार वापरून पाहिलं. त्यानंतर पाच महिन्यांनी सुपं पेटलं.

सरकारने फौज पाठवली, गावागावांत चौक्या बसवल्या, साडेनऊशेच्या घरात माणसं पकडली. मग आयोग नेमला. त्याने दोष सावकारावर टाकला आणि साऱ्याला निर्दोष ठरवलं. एक सदस्य, ऑकलंड कॉल्विन, यांनी मात्र वेगळी टिपणी लिहून सारावाढीवर बोट ठेवलं. अशा माणसांची आठवण आपण ठेवली पाहिजे.

अर्जाचा दरवाजा वाजवून पाहिलेला आणखी एक माणूस त्या काळी पुण्यात होता, लष्करी हिशेबाच्या कचेरीतला एक कारकून. आई अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर त्याने रजेचा अर्ज केला. रजा वेळेवर मिळाली नाही. तो आपल्या गावी, शिरढोणला पोचला तेव्हा आई गेलेली होती. हा कारकून म्हणजे वासुदेव बळवंत फडके. त्यांनी पुढे इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाला 1876 ते 78 चा दुष्काळ, रामोश्यांची उपासमार, अशी मोठी कारणं आहेत. पण तो अर्ज मी बाजूला ठेवू शकत नाही. फेब्रुवारी 1879 मध्ये त्यांचा पहिला मोठा दरोडा पडला तो धामारीवर. करड्यासारखी धामारीही शिरूर तालुक्यातच येते. जुलैत ते पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या कैदेत वारले.

फडके पकडले गेले त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात कोर्टाला सांगितलं होतं की नुसत्या खतावर विसंबू नका, व्यवहाराच्या मुळापर्यंत जा. पहिल्यांदा हातात रक्कम किती दिली होती ते विचारा. खत गावच्या नोंदणीदारासमोर व्हावं, अशीही तरतूद होती. हातात रक्कम किती दिली हा प्रश्न विचारा, एवढंच कुळाचं मागणं होतं. सुप्याच्या बाजारातून तो कायद्यात यायला साडेचार वर्षं लागली. आणि तेव्हा तो कायदा लागू झाला तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चारच जिल्ह्यांना.