दिसायला किडा, नात्याने गोगलगाय

श्रोतेहो, आपल्या अहेरीपासून समुद्र कितीतरी दूर. प्राणहितेचा पूर हाच आपला सागर. मग समुद्रातल्या प्राण्याची गोष्ट आपल्याला कशाला, असे कुणी म्हणेल. पण थोडे ऐकून तर घ्या. या प्राण्याने भल्याभल्या पंडितांना चकवले आहे.

समुद्रात पोवळी असतात, हे आपण जाणता. आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळही ती आहेत. जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियाकडच्या समुद्रांत मऊ पोवळ्यांच्या फांदीला कधीकधी एक लांबट प्राणी वेटोळे घालून बसलेला आढळतो. त्याचे नाव एपिमेनिया. त्या पोवळ्यावरच तो पोट भरतो. त्याला शंख नाही, शिंपला नाही, डोळेही नाहीत. पाहणारा म्हणणार, हा किडाच!

पंडितही तसेच म्हणाले. 1844 साली स्वीडनच्या लोव्हेन यांनी याच्या चिखलात राहणाऱ्या एका नातलगाचे वर्णन केले, तेव्हा त्याची गणना कृमींतच झाली. पुढे आतली रचना तपासली गेली आणि कळले, की हे तर गोगलगायीचे भाऊबंद, म्हणजे मृदुकाय प्राणी.

मग ओळखायचे कसे? खुणा तीन. पहिली, गांडुळाच्या अंगावर वळी असतात, याचे अंग तसे वळ्यावळ्यांचे नसते. दुसरी, भिंगातून पाहिले तर कातडीत चुन्याच्या बारीक सुया दिसतात. तिसरी खूण पक्की. पोटाखाली तोंडाजवळून मागेपर्यंत एक अरुंद खाच जाते. गोगलगाय ज्या रुंद तळव्यावर सरकते, त्याचेच हे आक्रसलेले रूप. शिवाय यांच्यातल्या पुष्कळांना गोगलगायीसारखी दातेरी जीभही असते.

गुरुजी, शाळेत एक प्रयोग करा. नदीकाठचा रिकामा शंख आणून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतील. चुना आणि आंबट यांची गाठ पडली की असे होते. त्या सुयाही याच चुन्याच्या.

आता घरची गोष्ट. पावसाळ्यात अंगणात काळसर, बारीक वाळा निघतो. कुणी त्याला गांडूळ समजतो, कुणी विषारी पिल्लू म्हणून ठेचतो. वाळा हा बिनविषारी साप. मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन तो जगतो. त्याच्या अंगावर गुळगुळीत, चकचकीत खवले असतात, वळी नसतात. मात्र ओळख लांबूनच पटवावी. मण्यारीचे पिल्लूही लहानच असते, म्हणून अनोळखी सापाला कधी हात लावू नये आणि उगाच काठीही उगारू नये.

मुलांना एवढे जरूर शिकवा: आधी नीट पाहावे, मग नाव द्यावे. नुसत्या रूपावरून नाव दिले, की पंडितही फसतात. आपल्या अंगणात तर त्या चुकीपायी एक निरपराध जीव जातो.