उंचीचं इंजेक्शन : आधी माप, मग कर्ज

मागच्या बैठकीत आमच्या बचत गटातली एक मैत्रीण म्हणाली, "माझ्या झिलाची उंची वाढणा नाय. इंजेक्शनासाठी कर्ज मेळात काय?" आम्ही लगेच हो म्हटलं नाही, नाहीसुद्धा म्हटलं नाही. आधी माहिती घेतली. तीच आज सांगतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तिच्यातून ग्रोथ हार्मोन रक्तात येतं. ते कमी पडलं तर मुलाची वाढ खुंटते. अशा मुलाला इंजेक्शन वेळेवर सुरू केलं तर उंची चांगली वाढते. १९८५ पर्यंत हे हार्मोन मृत माणसांच्या ग्रंथीतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला. आता ते प्रयोगशाळेत बनतं, त्यामुळे ती भीती नाही.

आता दुसरी बाजू. इंजेक्शन सहसा रोज रात्री टोचायचं, तेही काही वर्षं. खर्च महिन्याला हजारोंत, आणि मुलाचं वजन वाढलं की डोस वाढतो. औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडे वीज किती दिवस नव्हती, आठवतं ना? काही मुलांची साखर वाढते, क्वचित खुब्याचं हाड सरकतं. मूल लंगडू लागलं किंवा डोकं फार दुखू लागलं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. वयात आल्यावर हाडांची वाढ थांबली, की मग इंजेक्शन देऊनही उंची वाढत नाही.

आणि मूल ठेंगणं म्हणजे हार्मोनच कमी, असं नसतं. आईवडील ठेंगणे असतील, आहार कमी पडत असेल, थायरॉईडचा त्रास असेल. तिथे हे इंजेक्शन नव्हे, वेगळा उपाय लागतो.

म्हणून दर सहा महिन्यांनी मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभं करा, उंची मोजा, तारखेसह लिहून ठेवा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. ४ पेक्षा कमी वाढलं तर थांबू नका. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना वही दाखवा. नाहीतर ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहेच.

आमच्या मैत्रिणीला गटाने सध्या तपासणीपुरते पैसे दिलेत. हार्मोन खरंच कमी निघालं, तर कर्जासाठी आम्ही सगळ्याजणी सही करू.