न जाणवणारी ठिणगी

कोरड्या ऋतूत रात्रीच्या वेळी नायलॉनचा सदरा अंगातून उतरवताना चटचट असा बारीक आवाज होतो, आणि दिवे मालवलेले असतील तर निळसर ठिणग्याही दिसतात. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी हा चमत्कार लहानपणी पाहिला असेल. इंदूर-ग्वाल्हेरकडील माणसाला त्याची ओळख अधिक, गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला कमी. हवा दमट असली म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि घर्षणाने उत्पन्न झालेला विद्युद्भार त्यावाटे निमूटपणे निघून जातो. कोरड्या हवेत त्याला ही वाट मिळत नाही. तो साठत राहतो आणि संधी मिळताच उडी घेतो. वातानुकूलित खोलीत हवेतील ओलावा काढून घेतला जातो. तेव्हा अशा खोलीत बसणाऱ्या गोवेकरानेही फार निर्धास्त राहू नये.

पिढ्यान् पिढ्या ही केवळ मौजेची गोष्ट होती. दाराच्या पितळी मुठीला हात लावताच चिमटा बसला, तर माणूस हसून पुढे जाई. आज मात्र शाळा-महाविद्यालयांतील मुले, हौशी कारागीर आणि शेतावरचा पंप आपोआप चालू-बंद व्हावा म्हणून खटपट करणारे शेतकरी मायक्रोकंट्रोलर नावाच्या इवल्याशा चिपशी परिचित झाले आहेत. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली आर्डुइनो या बोर्डाचा जन्म झाला आणि हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. त्या चिपच्या दृष्टीने वरील चिमटा जिवावरचा ठरू शकतो.

याचे कारण तिच्या रचनेतच आहे. तिच्यातील प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या गेटखाली सिलिकॉन ऑक्साइडचा, म्हणजे जवळजवळ काचेचाच, एक पापुद्रा असतो. मीटरच्या अब्जांशाला नॅनोमीटर म्हणतात. हा पापुद्रा दर नॅनोमीटर जाडीमागे सुमारे १ व्होल्ट इतकाच ताण सोसू शकतो. म्हणजे तो १० नॅनोमीटर जाड असेल तर दहा-बारा व्होल्टांत त्याला भोक पडते. उलट, कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत गेलेल्या माणसाच्या अंगावर दहा हजारांहून अधिक व्होल्ट चढू शकतात. खरी मेख पुढेच आहे. मनुष्याच्या त्वचेला ठिणगी जाणवते ती सुमारे ३,००० व्होल्टांपासून. पाचशे किंवा हजार व्होल्टांची ठिणगी बोटातून निघून जाते आणि बोटाच्या धन्याला तिचा पत्ताही लागत नाही.

चिपची कसोटी घेताना मानवी देहाची जागा १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १,५०० ओहमचा रेझिस्टर यांना देतात. हा कपॅसिटर २,००० व्होल्टांपर्यंत भारून सोडला, तर क्षणभर सव्वा ॲम्पिअरहून अधिक प्रवाह वाहतो आणि सेकंदाच्या दशलक्षांशाच्या आत सारा खेळ आटोपतो. त्यात खर्च होणारी ऊर्जा किती? एक ग्रॅमचा मणी दोन सेंटिमीटरांवरून खाली पडावा, इतकीच! परंतु ती सारी एका सूक्ष्म बिंदूवर एकवटते, आणि तेथील सिलिकॉन वितळते.

चिप बनविणाऱ्यांना हे ठाऊक असल्यामुळे ते बहुतेक पिनांशी पहारेकरी डायोड बसवितात, आणि पुष्कळशा चिपा वरील कसोटीत २,००० व्होल्टांचा आघात सोसतात. पण या पहाऱ्यालाही सीमा आहे. जुन्या एव्हीआर जातीच्या चिपांत रीसेटच्या पिनेवर १२ व्होल्ट देऊन प्रोग्राम भरण्याची सोय असते. त्यामुळे त्या पिनेपासून पुरवठ्याकडे जाणारा डायोड मुळातच गाळलेला असतो. रीसेटचे बटण लांब तारेने पेटीबाहेर आणण्याची हौस अनेकांना असते. त्यांनी नेमका दुबळा दरवाजा रस्त्यावर उघडलेला असतो.

चिप जागच्या जागी मेली तर गोष्ट निदान स्पष्ट होते. अधिक त्रास देते ती जखमी चिप. ती चालते, पण एका पिनेतून प्रवाह झिरपू लागतो. महिनोन् महिने पुरणारी बॅटरी काही आठवड्यांत संपते, जमिनीचा ओलावा मोजणारा आकडा अधूनमधून भरकटतो. विद्यार्थी बिचारा आपल्या निर्दोष प्रोग्रामातील चूक शोधीत रात्री जागवतो. अर्थात प्रत्येक बंद पडलेल्या बोर्डाचे खापर स्थितिक विजेवर फोडणेही न्यायाचे नव्हे. उलटी जोडलेली तार, पाच व्होल्टांच्या पिनेवर चुकून गेलेले बारा व्होल्ट, डायोडावाचून जोडलेली रिलेची गुंडाळी, हे संशयित आधी तपासावेत.

बचावाविषयी एक समजूत फार रूढ आहे: पायांत रबरी चपला घातल्या की काम सुरक्षित झाले. घरगुती विजेचा धक्का बसू नये यासाठी ती ठीक. येथे मात्र ती उलट बाधते, कारण चपलेमुळे अंगावरचा भार जमिनीत उतरत नाही. येथे विजेला अडवून भागत नाही. माणूस, टेबल आणि बोर्ड यांचा विद्युद्दाब एकच ठेवावा लागतो. एकाच तारेवर बसलेल्या पाखराला धक्का बसत नाही, तोच हा न्याय. मनगटाला बांधायचा पट्टा याचसाठी असतो. त्याच्या तारेत १ मेगओहमचा रेझिस्टर असतो, आणि तो काढून साधी तार लावण्याची काटकसर कोणीही करू नये. कधी २३० व्होल्टांना स्पर्श झालाच, तर या रेझिस्टरमुळे पट्ट्यावाटे पाव मिलिॲम्पिअरहूनही कमी प्रवाह जातो. तो नसेल तर हात जमिनीला पक्का जखडलेला असतो.

जुन्या घरांतून विजेच्या खोबणीचे तिसरे भोक पुष्कळदा शोभेचेच असते. तेथे पट्टा, टेबलावरची विद्युत्संवाहक चटई आणि बोर्डाचे ग्राउंड ही तिन्ही परस्परांना जोडली तरी मुख्य काम भागते. पट्टाच नसेल, तर बोर्ड कडेने उचलावा आणि पिनांना हात लावण्यापूर्वी यूएसबीच्या धातूच्या खोबणीला बोट लावावे. सुट्या चिपा थर्माकोलात खोचून ठेवण्याची सवय वाईट. गुलाबी पिशवी स्वतः भार उत्पन्न करीत नाही, पण बाहेरची ठिणगी अडवीत नाही. ते काम चंदेरी पिशवी करते. सुटी चिप ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळली तरी चालते. बॅटरी लावलेला बोर्ड मात्र तसा गुंडाळू नये.

उपकरण पेटीत बसले म्हणजे बोटांचा धोका संपतो, तारांचा राहतो. बाहेरच्या बटणाची तार पेटीत शिरते तेथेच, अगदी आखूड पायांनी, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जोडावा आणि पुढे चिपकडे जाताना १,००० ओहमचा रेझिस्टर घालावा. बोटावर ८,००० व्होल्ट असले, तरी तेथील १०० पिकोफॅरडांत साठलेला भार हजारपट मोठ्या कपॅसिटरमध्ये पसरून दाब जेमतेम ८ व्होल्ट उरतो. त्यातून पाच व्होल्टांच्या चिपमध्ये शिरणारा प्रवाह दोन-तीन मिलिॲम्पिअरच्या पलीकडे जात नाही, आणि तितका आतले डायोड पेलतात. बटणासारख्या सावकाश कामाला हा उपाय उत्तम. यूएसबीसारख्या शीघ्र संदेशांना एवढा कपॅसिटर चालत नाही, तो संदेशच गिळून टाकतो. तेथे अल्प धारितेचा टीव्हीएस डायोड तारेच्या प्रवेशद्वाराशी बसवावा लागतो. पेटी पत्र्याची असेल, तर या डायोडाचे दुसरे टोक जवळच्या जवळ पत्र्याला न्यावे, म्हणजे ठिणगीचा प्रवाह बोर्ड ओलांडून न जाता दारातूनच परत फिरतो.