अपग्रेड मिळालं, पण परत घेतील का? एका फॉर्ममधले दोन रकाने

इअरफोन लावले असतील तर सुरू करूया. जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा पूर्ण मजकूर.

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. सैन्यातून काढून टाकलेला माणूस परत सैन्यात जाऊ शकतो का? देश अमेरिका. तिथे यावर एक शब्द सारखा कानावर पडतो, ‘डिस्चार्ज अपग्रेड’. बऱ्याच माजी सैनिकांना वाटतं की अपग्रेड झालं की दार उघडलं. तसं नाहीये. अपग्रेड ही एक गोष्ट, परत भरती होणं ही दुसरी. या दोन्हीत गल्लत केली की माणसाची वर्षं जातात.

आधी कागद समजून घेऊ. अमेरिकन सैन्यातून बाहेर पडताना हातात एक फॉर्म मिळतो, त्याचं नाव डीडी-२१४. तुमची सगळी नोकरी त्या एका फॉर्मवर. त्यातले तीन-चार रकाने लक्षात ठेवा.

रकाना २४: डिस्चार्जचा दर्जा. सगळ्यात वर ‘ऑनरेबल’, म्हणजे सन्मानाने. त्याखाली ‘जनरल’. त्याखाली ‘अदर दॅन ऑनरेबल’. हे तिन्ही प्रशासकीय, म्हणजे वरिष्ठांच्या निर्णयाने मिळतात. त्याहून खालचे दोन, ‘बॅड कंडक्ट’ आणि ‘डिसऑनरेबल’, हे कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा म्हणूनच मिळतात.

रकाना २६: काढण्याच्या कारणाचा कोड. रकाना २८: तेच कारण शब्दांत.

आणि रकाना २७, आजचा हिरो किंवा व्हिलन, काय म्हणायचं ते म्हणा. इथे असतो रीएन्ट्री कोड, थोडक्यात आरई कोड. लष्करात आरई-१ म्हणजे परत यायला हरकत नाही. आरई-३ म्हणजे अडचण आहे, पण सूट मिळू शकते. त्या सुटीला वेव्हर म्हणतात. आरई-४ म्हणजे सूटही नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच रेकॉर्डमधली ही दोन वेगळी फील्ड्स आहेत. एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. हे काल्पनिक आहे, पण अशा केसेस तिथे नेहमीच्या आहेत. समजा एक पोरगा १९व्या वर्षी लष्करात गेला, अफगाणिस्तानात जाऊन आला, काम चांगलं, मेडल्स वगैरे. परत आल्यावर झोप नाही, चिडचिड, आणि एकदा लघवीच्या तपासणीत गांजा सापडला. गैरवर्तन म्हणून प्रशासकीय कारवाई झाली. रकाना २४ मध्ये ‘जनरल’, २८ मध्ये अमली पदार्थांचा गैरवापर, २७ मध्ये आरई-४. तेव्हा त्याचं वय २३.

‘जनरल’ ऐकायला फार वाईट वाटत नाही ना? पण माजी सैनिकांना शिक्षणासाठी जे जीआय बिलाचे पैसे मिळतात, त्यासाठी ‘ऑनरेबल’च लागतं. म्हणजे कॉलेजही गेलं. आता तो २८ वर्षांचा आहे, सावरलाय, आणि त्याला परत युनिफॉर्म घालायचाय. त्याने काय करायचं?

पहिला गैरसमज: सहा महिने थांबलं की डिस्चार्ज आपोआप वर जातो. ही अफवा तिथे कित्येक वर्षं फिरतेय. असं काहीही नाही. अर्ज केल्याशिवाय कागद हलत नाही.

अर्जाचे रस्ते दोन. पहिला, डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड. फॉर्म डीडी-२९३, मुदत डिस्चार्जपासून १५ वर्षं. हे बोर्ड मुळात दोनच प्रश्न विचारतं. तुम्हाला काढताना नियम पाळले होते का? आणि जे केलं ते न्याय्य होतं का? नीट ऐका: ‘हा माणूस आज चांगला आहे का’ हा मुख्य प्रश्न नाहीच. नंतरचं चांगलं वागणं, नोकरी, शिक्षण हे विचारात घेतात, पण नुसत्या तेवढ्यावर किंवा नुसता काळ लोटला म्हणून दर्जा वाढवून मिळेल असा कुठलाही नियम नाही.

दुसरा रस्ता, रेकॉर्ड दुरुस्ती बोर्ड. फॉर्म डीडी-१४९. चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. न्यायासाठी गरज वाटली तर बोर्ड ही मुदत माफ करू शकतं. याचे अधिकार मोठे आहेत, आणि रकाना २७ वर हात फिरवू शकणारं बोर्ड मुख्यतः हेच.

या बोर्डांचे निकाल नावं काढून ऑनलाइन ठेवलेले असतात. नौदलाच्या रिव्ह्यू बोर्डाच्या निकालांत एक परिच्छेद पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय असा: पुन्हा भरती हा आमचा विषय नाही, आरई कोड आम्ही बदलत नाही, आणि केवळ भरती सोपी व्हावी म्हणून दर्जा वाढवणं आमच्या अधिकारात नाही. म्हणजे अर्जात कुणी कळकळीने लिहिलं की ‘मला देशाची सेवा परत करायची आहे’, तर ते बोर्डाला पटेलही, पण त्याचा उपयोग शून्य. चुकीच्या खिडकीवर रांग लावल्यासारखं ते.

आता मानसिक आघाताचा मुद्दा, कारण खरी कोंडी इथे आहे. पीटीएसडी हे निदान म्हणून अधिकृतपणे आलं १९८० मध्ये. म्हणजे व्हिएतनामहून परतलेल्यांना ज्या वर्तनासाठी हाकललं, त्या वर्तनामागच्या आजाराला तेव्हा नावच नव्हतं. २०१४ मध्ये संरक्षण मंत्री चक हेगल यांनी बोर्डांना सांगितलं की अशा अर्जांकडे उदारपणे बघा. २०१७ च्या मार्गदर्शनाने त्यात मेंदूला झालेली इजा आणि लैंगिक अत्याचाराचे अनुभवही स्पष्टपणे आणले, आणि चार प्रश्न ठरवून दिले. वर्तनाचं कारण ठरू शकेल असा आजार किंवा अनुभव होता का? तो नोकरीच्या काळातला होता का? त्यामुळे ते वर्तन खरंच समजून घेता येतं का? आणि तो डिस्चार्जपेक्षा जड भरतो का?

आपल्या उदाहरणातल्या पोराला हे लागू पडतं. छान. पण थांबा. भरतीच्या वैद्यकीय नियमांत पीटीएसडीचा इतिहास हा स्वतःच अपात्रतेच्या यादीत आहे. त्यालाही वेगळं वेव्हर लागतं. म्हणजे ज्या डॉक्टरच्या कागदाने त्याचा सन्मान परत मिळेल, तोच कागद त्याच्या परतीच्या वाटेत उभा राहू शकतो. आणि भरतीच्या वेळी हे लपवलं तर तो वेगळा गुन्हा. त्यामुळे अर्ज लिहायच्या आधीच ठरवायला लागतं: मला नाव साफ करायचंय, की परत जायचंय? दोन्ही हवं असेल तर कोणत्या क्रमाने?

दोन्ही रकाने एकदम बदलले असं कधी झालंय का? हो. अमेरिकेत १९९३ मध्ये ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’ हे धोरण आलं. समलिंगी असल्याचं उघड झालं की नोकरी संपली. या धोरणाखाली १३,००० हून जास्त लोक बाहेर गेले. २० सप्टेंबर २०११ ला ते रद्द झालं. त्यानंतर बोर्डांना सूचना गेल्या की फक्त याच कारणाने काढलं असेल आणि बाकी काही गैरवर्तन नसेल, तर दर्जा, कारण आणि आरई कोड हे सगळंच साधारणपणे बदलून द्या. नौदलातला जेस डॅनियल्स हा भाषातज्ज्ञ. त्याला दोनदा काढलं होतं. त्याने कोर्टात दावा लावला आणि डिसेंबर २०११ मध्ये तो पुन्हा नौदलात रुजू झाला. सरकारने ‘आमचा नियमच चुकीचा होता’ असं मान्य केलं, की असं होतं. एकेकट्या माणसाला मात्र आपली चूक-बरोबर स्वतः सिद्ध करत बसावं लागतं.

आणि उशीर झाला तर काय होतं, त्याची गोष्ट १९०६ ची आहे. टेक्सासमधलं ब्राउन्सव्हिल. ऑगस्टमध्ये एका रात्री गावात गोळीबार झाला, एक बारटेंडर मेला. आळ आला जवळच्या छावणीतल्या २५व्या इन्फंट्रीच्या कृष्णवर्णीय सैनिकांवर. त्यांचे गोरे अधिकारी म्हणाले, आमची माणसं बराकीत होती. खटला चाललाच नाही. ‘कुणीच तोंड उघडत नाही’ म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी १६७ जणांना सन्मानाविना काढून टाकलं, आणि पुन्हा भरतीही बंद.

त्यांतले एक फर्स्ट सार्जंट मिंगो सँडर्स. २६ वर्षांची नोकरी. पेन्शन अगदी जवळ आलेली. १८९८ च्या युद्धात ते क्युबात लढले होते, आणि रुझवेल्टही तिथेच लढले होते. सँडर्स यांनी परत घ्या म्हणून विनंती केली, सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १९१० मध्ये चौकशी न्यायालयाने १६७ पैकी १४ जणांना पुन्हा भरतीला पात्र ठरवलं. त्या १४ मध्ये सँडर्स नव्हते. उरलेल्यांना का नाही, याचं धड कारण दिलंच नाही.

१९७२ मध्ये लष्कराने सगळ्यांचे डिस्चार्ज ‘ऑनरेबल’ केले. ६६ वर्षांनी! सँडर्स केव्हाच वारले होते. परत न घेतलेल्यांपैकी डॉर्सी विलिस तेव्हा हयात होते, वय ८६, मिनियापोलिसमध्ये बूट पॉलिश करून आयुष्य काढलेले. संसदेने पुढे त्यांना २५,००० डॉलर दिले. रकाना २४ भरून निघाला म्हणा हवं तर. पण परत कुठे जाणार होते ते?

म्हणून आपल्या त्या २८ वर्षांच्या पोराकडे परत येऊ. भरतीला वयाची अट असते, मरीन कोअरमध्ये तर ती साधारण २८ च आहे. आधीची नोकरी असेल तर काही सवलत मिळते. घड्याळ चालू आहे. तर त्याने क्रम असा लावावा.

एक, डीडी-२१४ ची संपूर्ण प्रत काढायची. त्याची एक छोटी प्रतही असते, तिच्यात हे कोड नसतात.

दोन, कोड आरई-३ असेल तर बोर्डाच्या आधी रिक्रूटरकडे. वेव्हर भरतीच्या प्रक्रियेतच मागता येतं, कदाचित बोर्डाची गरजही पडणार नाही. एका रिक्रूटरने नाही म्हटलं तर दुसऱ्या दलाकडे विचारायचं.

तीन, आरई-४ असेल तर रेकॉर्ड दुरुस्ती बोर्ड. अर्जात दर्जा, कारण आणि कोड, तिन्ही स्पष्ट मागायचे. न मागता मिळेल अशी आशा ठेवायची नाही.

चार, पुरावा. जुने मेडिकल रेकॉर्ड, सोबतच्या सैनिकांची निवेदनं, तेव्हाच्या कारवाईची फाइल. ‘मी बदललोय’ हे शेवटी. आधी ‘तेव्हा काय चुकलं’ हे.

पाच, एकट्याने करायचं नाही. माजी सैनिकांच्या संघटना आणि कित्येक लॉ कॉलेजांची क्लिनिक्स हे काम फुकट करतात.

एवढं करूनही उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. निकालाला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. पण दर्जा सुधारला आणि परत घेतलं नाही, तरी कॉलेजची फी मिळते, नोकरीच्या मुलाखतीत कागद पुढे करताना मान खाली जात नाही. ते काही कमी नाही. फक्त त्यालाच ‘परत भरती’ समजून पाच वर्षं वाट बघत बसू नये.

तुमच्या ओळखीत अमेरिकेत कुणी या फेऱ्यात असेल, तर हा एपिसोड पाठवा आणि एकच विचारा: रकाना २७ मध्ये काय लिहिलंय? बाकीचं बोलणं त्यानंतर. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!