घरशाळेचं वेळापत्रक कोण सांभाळतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं ठरवणारे पालक आता शहरांतून भेटतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तीन वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून अक्षरं गिरवायला लावणाऱ्या बालवाड्या आपणही पाहिल्या आहेत. मग घरी शिकवलं तर बिघडलं कुठे? या प्रश्नाकडे आज मला बाईच्या बाजूनं पाहायचं आहे.

अशाच एका ओळखीच्या घरी मी वही आणि घड्याळ घेऊन एक दिवस बसले. अर्थात बाईंना विचारूनच. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. बाई विज्ञानाच्या पदवीधर. धाकट्याच्या वेळी त्यांनी नोकरी सोडली.

सकाळी नाश्ता झाल्यावर धाकटा ताटात चवळी आणि राजमा वेगळे करत बसला. थोरलीनं दुधाचा हिशेब मांडला, कणकेच्या वाट्या मोजल्या. मग गोष्ट, चित्रं, गच्चीवरच्या कुंडीतल्या मुंग्या. मुलं आनंदात होती, आणि शिकतही होती. नुसतं शिकवण्याचा वेळ मोजला तर तो दोन तास भरला. पण धाकटा झोपला ती पस्तीस मिनिटं सोडली, तर आईला दिवसभर उसंत नव्हती. त्या पस्तीस मिनिटांत तिनं कपड्यांच्या घड्या केल्या आणि उद्याच्या गोष्टीचं पुस्तक चाळलं. वडील सुट्टीच्या दिवशी विज्ञानाचे प्रयोग करतात. मुलांना ते फार आवडतात. सांडलेलं पाणी पुसायचं काम मात्र आईकडेच राहतं.

दुपारी थोरलीनं घरातल्या माणसांचं चित्र काढलं. बाबा संगणकासमोर, आई गॅसपाशी. सकाळपासून जिनं तिला शिकवलं, ती तिच्या चित्रात शिकवताना दिसत नव्हती. मुलीचा यात दोष नाही. घर हीच शाळा असेल, तर घरातली कामाची वाटणी हाच तिथला पहिला धडा असतो. तो कुणी शिकवत नाही, मुलं तो बघून शिकतात.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. मुलांना आणि आजाऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही. या पाच तासांवर आणखी एक शाळा चढवायची, आणि तिला 'आईची माया' म्हणायचं! शाळेतल्या बाईंना पगार असतो, सुट्टी असते. घरातल्या बाईंना दोन्ही नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा हा भार लाखो घरांत एकदम येऊन पडला. तो कुणी उचलला, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट. १८४८ साली सावित्रीबाई भिडे वाड्यात शिकवायला लागल्या, त्याचा एक अर्थ असा की मुलगी शिकण्यासाठी उंबऱ्याबाहेर पडली. म्हणून 'घरीच शिकव' हा शब्द आपण दहादा तपासून घ्यायला हवा. सुशिक्षित घरात तो पालकांनी केलेला विचार असेल. पण वस्तीत धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलीबद्दलही 'ती घरीच शिकते' असंच सांगितलं जाईल. २००९ च्या कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क दिला. घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळी तरतूद नाही. तेव्हा वस्तीत असं उत्तर मिळालं, तर तिथेच थांबू नका. मुलीशी बोला. तिची वही पाहा. तिच्या कडेवर कोण आहे, तेही पाहा.

मग घरात शिकणं वाईट का? मुळीच नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत होत्या. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. खडे, पानं, शिंपले हेच साहित्य. पण मुलांपुढे बसणारी बाई शिक्षिका होती, ती तिचं काम करत होती. आणि अंगण सगळ्यांचं होतं, एका घराचं नव्हतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणून ज्यांना मुलांना घरी शिकवायचं आहे, त्या मैत्रिणींना मी तीन गोष्टी सुचवेन. घरातल्या प्रत्येकाचा एक दिवस कागदावर मांडा, आणि तो कागद नवऱ्यापुढे ठेवूनच निर्णय घ्या. वडिलांनी फक्त प्रयोग नाही, तर रोजचे ठरावीक तास घ्यावेत, त्यात स्वयंपाक आणि केरवाराही आला. आणि एकटीनं करू नका. तीन-चार कुटुंबांनी मिळून पाळी लावली, तर मुलांना सोबती मिळतात आणि प्रत्येक आईला काही सकाळी मोकळ्या मिळतात.

संघटना म्हणून आपलं काम मात्र याहून मोठं आहे. घरशाळा थोड्यांनाच परवडते. बाकीच्या लेकरांसाठी अंगणवाडी चांगली चालली पाहिजे, पाळणाघर जवळ असलं पाहिजे, आणि अंगणवाडीताईंना मानधन नव्हे, रीतसर वेतन मिळालं पाहिजे. लहान मुलांना शिकवणं हे काम आहे. ते घरात होवो की अंगणात, त्याला काम म्हणायला आपण आपल्यापासून सुरुवात करू या.