संगणकाचे विषाणू आणि आपले दार

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी हा विषय जाहीर केला तेव्हा काही जणींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मी पाहिल्या. संगणक हा मुलांचा आणि नातवंडांचा प्रांत, आपला त्याच्याशी काय संबंध, असा त्या आठ्यांचा अर्थ असावा. परंतु आपल्या पिशवीतला फोन हा संगणकच आहे, आणि घरातल्या पैशांची किल्लीही आता त्याच्यातच असते. तेव्हा संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणकाचा विषाणू हा जंतू नव्हे. तो हवेतून येत नाही, किंवा दोन फोन शेजारी ठेवल्याने एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो असतो माणसाने लिहिलेला मजकूर, म्हणजे संगणकाने पाळावयाच्या आज्ञांची यादी. वडीलधाऱ्या भगिनींना जुनी साखळीपत्रे आठवत असतील. हे पत्र आणखी इतक्या जणांना लिहून पाठवा, नाही तर अनिष्ट होईल, असे त्या पोस्टकार्डावर लिहिलेले असे. कार्डाला ना हात ना पाय, तरी ते गावोगाव फिरे, कारण नकला उतरून काढण्याचे कष्ट वाचणाराच करी! विषाणूचे अगदी असेच आहे. ‘माझी नक्कल काढ आणि दुसऱ्यात घाल,’ ही त्याची मुख्य आज्ञा. फरक इतकाच, की आपण ते कार्ड फाडून चुलीत टाकू शकत होतो. संगणकाला तशी बुद्धी नाही. आज्ञा मिळाली की तो पाळतो.

खरा विषाणू एकटा फिरत नाही. तो दुसऱ्या कशाला तरी चिकटून येतो. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अलवी या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. त्या काळी संगणकाच्या चकत्या असत, त्यांना फ्लॉपी म्हणत. फ्लॉपीचा जो भाग संगणक सुरू होताना प्रथम वाचला जातो, नेमक्या त्या भागात हा जाऊन बसे. गंमत अशी, की दोघा भावांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबरही घातला होता. आमच्या प्रोग्रॅमच्या चोरून नकला करणारांना धडा मिळावा, असा हेतू त्यांनी सांगितला. पण फ्लॉपी हातोहात परदेशी गेल्या, आणि लांबलांबहून लोक त्यांना टेलिफोन करू लागले. पुढे लिहिण्याच्या कागदपत्रांना चिकटणारे विषाणू निघाले. १९९९ सालचा ‘मेलिसा’ त्यांपैकी एक.

दुसरी जात किडीची. इंग्रजीत तिला वर्म म्हणतात. हिला चिकटायला काही लागत नाही. दाराला फट असली की ती आपणहून शिरते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने अशी एक कीड सोडली. संगणकात ती आधीच असली तर पुन्हा शिरू नये, अशी तजवीज त्याने केली होती. पण कोणी खोटेच ‘आहे’ म्हणून तिला परतवू नये म्हणून सात वेळांतून एकदा तरीही शिरावे, असे लिहून ठेवले. हे प्रमाण भलतेच ठरले. एकाच यंत्रात नकलांवर नकला साठून सुमारे सहा हजार संगणक ठप्प झाले, असा त्या वेळचा अंदाज आहे. मॉरिसवर खटला होऊन शिक्षा झाली. तोच पुढे प्राध्यापक झाला, हेही सांगून टाकते.

तिसरी जात ट्रोजनची. ट्रॉय शहराच्या वेशीवर शत्रूने लाकडी घोडा ठेवला, लोकांनी तो कौतुकाने आत ओढून नेला आणि रात्री त्याच्या पोटातून सैनिक उतरले, ही ग्रीक कथा आपण ऐकली असेल. ट्रोजन दार फोडीत नाही. तो काही तरी हवीशी वस्तू होऊन येतो आणि दार आपण उघडतो. आपल्यासारख्यांना सर्वांत भय याचे आहे.

या जाती नेहमी वेगळ्या राहत नाहीत. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेले ‘आय लव्ह यू’ हे प्रकरण पाहा. टपाल ओळखीच्या माणसाकडून येई आणि सोबत प्रेमपत्र जोडलेले असे. ते उघडले की आतला प्रोग्रॅम त्या संगणकातील पत्त्यांच्या वहीतल्या सर्वांना तेच पत्र धाडी. नावाचा शेवटचा तुकडा संगणक दाखवीतच नसे, म्हणून प्रोग्रॅम साध्या पत्रासारखा दिसे. मोठमोठ्या कचेऱ्यांतले शहाणे लोक फसले, कारण पाठवणारा खरोखरच ओळखीचा होता! लिहिणारा तरुण सापडला, पण त्या देशात तेव्हा असा कायदाच नव्हता, म्हणून सुटला.

आत शिरून काय करतात, त्यावरूनही नावे पडली आहेत. गुपचूप बसून आपले बोलणेलिहिणे पाहणारा तो हेर, म्हणजे स्पायवेअर. सगळ्या कागदपत्रांना कुलूप घालून खंडणी मागणारे ते रॅन्समवेअर. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील संगणकांना अशी कुलुपे घातली आणि इंग्लंडात रुग्णालयांची कामे अडली. ज्या फटीतून ती कीड शिरली ती बुजवण्याची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. फोनवर ‘अपडेट करा’ असे येते ते हेच, भगिनींनो! नंतर महिन्या-दीड महिन्यातच ‘नॉटपेट्या’ आला. त्याने आपल्या मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे कामही अडवले. त्याची खंडणी म्हणजे निव्वळ सोंग होते. पैसे भरूनही कुलूप उघडण्याची सोय त्यात नव्हती.

आता आपल्या घराकडे येते. २०२४ च्या लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाईल फिरू लागली आणि पोलिसांना लोकांस सावध करावे लागले. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असत. एपीके म्हणजे चित्र नव्हे, पत्रिका नव्हे. अँड्रॉइड फोनवर बसवायचा प्रोग्रॅम. तो बसवताना फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचा आहे, बसवू का? मग विचारतो, याला तुमचे संदेश वाचू देऊ का? आपण ‘हो’ म्हटले की बँकेचा ओटीपी आपल्याआधी दुसराच वाचतो. खऱ्या पत्रिकेला आपले संदेश वाचण्याचे कारणच काय? वीजबिल, बँक, सरकारी योजना यांच्या नावानेही असे घोडे येतात. पाठवणारी आपली वन्सं किंवा मावशी असली तरी निर्धास्त राहू नये. तिचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. तिला सरळ फोन करून विचारावे. यात कसलाही अपमान नाही.

मला खरी काळजी पुढच्या गोष्टीची आहे. चुकून दाबले गेले, पैसे गेले, तर बाई प्रथम काय करते? गप्प बसते. ‘तुला कोणी सांगितले होते फोनला हात लावायला?’ हे वाक्य ऐकावे लागेल म्हणून दोन दोन दिवस घरात बोलत नाही. चोराला हेच तर हवे असते. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातो. लवकर कळवले तर वाटेत अडवता येतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत तर असे होते, की खातेदाराच्या हयगयीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. म्हणजे त्या गप्प बसण्याची किंमत रुपयांत मोजता येते. मोठमोठ्या कचेऱ्या फसल्या तेव्हा त्यांना कोणी असे टाकून बोलले नाही. घरातल्या पुरुषमंडळींनी आणि मुलांनीही हे ध्यानात घ्यावे; ही स्मरणिका त्यांच्याही हाती पडेल.

तेव्हा तसे घडलेच तर फोनवरचे विमानाचे चिन्ह दाबून त्याचा बाहेरचा संबंध तोडावा, आणि दुसऱ्या फोनवरून आपल्या बँकेला व १९३० या क्रमांकाला कळवावे. हा क्रमांक फोनमध्ये न ठेवता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहावा, कारण अडचण येईल ती फोनलाच. पुढच्या बैठकीला ज्यांना शक्य असेल त्यांनी फोन भरून आणावा. ते विमानाचे चिन्ह कुठे असते आणि कोणत्या प्रोग्रॅमला संदेश वाचण्याची मुभा दिली गेली आहे, ते प्रत्येकीला तिच्याच फोनवर शोधून दाखवीन.