नवागत आणि शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडण्याची रीति आहे. तो मांडणारे माझ्यापेक्षां जाणते लोक या व्यासपीठावर बसले आहेत; तेव्हां मी आपलें लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधूं इच्छितों. आपल्या गांवांतील कित्येक घरांचे दरवाजे आज बंद दिसतात, अगर दोन म्हातारीं माणसेंच काय तीं ओटीवर बसलेलीं आढळतात. मुलें ऑस्ट्रेलियांत, कॅनडांत, न्यूझीलंडांत गेलीं आहेत. त्यांना पगार किती मिळतो याची चौकशी आपण हौसेनें करतों. परंतु परक्या भूमीवर पाऊल ठेवल्यापासून ती भूमि आपली वाटेपर्यंत जो काळ जातो, त्यांत त्यांचा हात कोण धरतो, हें आपण सहसा विचारीत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं मी ऑस्ट्रेलियाचें उदाहरण घेतों. कारण परक्यास दाराबाहेर कसें ठेवावें आणि त्यास घरांत कसें घ्यावें, हे दोन्ही धडे त्या एकाच देशाच्या इतिहासांत सांपडतात.

आरंभीं पवित्र शास्त्रांतील रूथचें स्मरण करूं. रूथ ही मवाबी स्त्री. विधवा झाल्यावर ती सासूबरोबर बेथलेहेमास आली, तेव्हां तिला तेथें कोणी ओळखीत नव्हतें. तिचा निर्वाह दोन गोष्टींमुळें झाला. शेताचे कोपरे कापूं नयेत व खालीं पडलेलें धान्य गरीब आणि परका यांच्यासाठीं राहूं द्यावें, असा मोशेचा नियम होता. ही पहिली गोष्ट. बवाजानें आपल्या कापणीवाल्यांस तिच्यासाठीं मुद्दाम कांहीं कणसें टाकावयास सांगितलें, ही दुसरी. नियम नसता तर रूथला भीक मागावी लागली असती. बवाज नसता तर नियम असूनही तिला कोणीं शेतांतून हुसकावून लावलें असतें. नवागतास नियमाचा आधार हवा आणि माणसाचाही हवा, हें सूत्र आपण ध्यानांत धरूं.

१९०१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सहा वसाहतींचें एक राष्ट्र झालें, आणि त्याच वर्षीं नव्या पार्लमेंटानें परदेशीयांच्या प्रवेशास आळा घालणारा कायदा केला. गोऱ्यांखेरीज इतरांस मज्जाव, असें त्यांत उघडपणें लिहिलेलें नव्हतें. अधिकारी निवडील त्या युरोपीय भाषेंतील ५० शब्दांचा उतारा येणाऱ्यास ऐकून लिहितां आला पाहिजे, एवढेंच त्यांत होतें. भाषेची निवड अधिकाऱ्याच्या हातीं असल्यामुळें, ज्यास नापास करावयाचें त्यास नापास करणें मुळींच अवघड नव्हतें. १९३४ मध्यें एगोन किश नांवाचे प्रागचे लेखक सिडनीस उतरूं लागले. सरकारास ते नको होते. परंतु त्यांना अनेक युरोपीय भाषा अवगत होत्या. तेव्हां त्यांची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंत घेण्यांत आली! पुढें हायकोर्टानें, कायद्याच्या अर्थानें ही युरोपीय भाषाच नव्हे, असा निर्णय दिला. परीक्षा मात्र १९५८ पर्यंत कायद्यांत राहिली, आणि वर्णभेदाचें तें धोरण पूर्णपणें जाण्यास १९७३ साल उजाडावें लागलें.

मध्यंतरीं दुसरें महायुद्ध होऊन गेलें, आणि एवढ्या मोठ्या देशास माणसांची उणीव भासूं लागली. १९४५ मध्यें परदेशांतून येणाऱ्यांसाठीं सरकारनें स्वतंत्र खातें उघडलें. आर्थर कॅलवेल हे त्याचे पहिले मंत्री. १९४७ च्या अखेरीस बाल्टिक देशांतील बेघर निर्वासितांचें पहिलें जहाज आलें, व त्या लोकांस व्हिक्टोरिया प्रांतांत बोनेगिला येथील जुन्या लष्करी छावणींत उतरविण्यांत आलें. १९७१ मध्यें ती बंद होईपर्यंत तीन लाखांहून अधिक माणसें त्या छावणींतून गेलीं. तेथें त्यांना छप्पर, जेवण, वैद्यकीय तपासणी आणि इंग्रजीचे वर्ग मिळत. पुढें हे वर्ग जहाजांवर, सायंकाळीं शाळांतून, टपालानें आणि रेडिओवरूनही चालूं लागले. ज्या देशानें भाषेची परीक्षा घेऊन माणसांस परतविलें, तोच देश आतां भाषा शिकवून माणसांस आंत घेऊं लागला.

तथापि एवढ्यानें सर्व साधलें असें नाहीं. निर्वासितांस सरकार नेमून देईल तें काम दोन वर्षें करण्याचा करार पाळावा लागे. स्वदेशीं डॉक्टर असलेला मनुष्यही येथें कागदोपत्रीं मजूर ठरे. छावणींत कामाविना दिवस काढावे लागल्यामुळें १९५२ व १९६१ मध्यें तेथें असंतोषाचा भडका उडाला. पोट भरलें म्हणजे मनुष्य स्थिरावला, असें मानणारांनीं या गोष्टीचा विचार करावा. अंगचें कौशल्य हेंही नवागताचें सामानच आहे. तें बंदरावर टाकून देण्यास सांगितलें, तर तो मनानें कधींच उतरत नाहीं.

१९५० च्या सुमारास तेथें ‘गुड नेबर’ मंडळें निघालीं. चर्चमधील मंडळी, स्त्रियांच्या संस्था, सामान्य गृहस्थ यांनीं नवागतांस भेटावें, बाजार दाखवावा, मुलांस शाळेंत नेऊन पोंचवावें, असा त्यांचा उद्देश होता. त्यांत बवाजाचा सद्भाव होता. उणीव होती ती निराळीच. यजमानानें द्यावें आणि पाहुण्यानें घ्यावें, शिवाय लवकरांत लवकर आमच्यासारखें व्हावें, अशी ती दृष्टि होती. आपल्याला काय हवें, हें पाहुण्यास कोणी फारसें विचारीत नसे.

तें विचारण्याची वेळ पुढें आली. १९७३ मध्यें सरकारनें टेलिफोनवरून दुभाष्या देण्याची सोय सुरू केली. या साध्या सोयीचें महत्त्व आपण घरच्या दृष्टांतानें समजून घेऊं. आई दवाखान्यांत बसली आहे. तिला डॉक्टरांची भाषा येत नाहीं. म्हणून दहा वर्षांची मुलगी दोघांच्या मध्यें उभी आहे. आईच्या पोटांतलें दुखणें त्या लेंकरानें कोणत्या शब्दांत सांगावें? आणि डॉक्टरांनीं एखाद्या असाध्य रोगाचें नांव काढलें, तर तें तिनें आईला कसें सांगावें? मुलाच्या डोक्यावरचें हें ओझें उतरवून तें शिकलेल्या, गुप्तता राखणाऱ्या मनुष्याकडे देणें, हाच या सोयीचा अर्थ. आज ती रात्रंदिवस चालू असून, दीडशेंहून अधिक भाषांत तिचा लाभ घेतां येतो.

१९७८ मध्यें मेलबर्नचे वकील फ्रँक गॅलबाली यांच्या समितीनें या सर्व सेवांचा अहवाल सादर केला. त्याचें सार असें: सर्वांसाठीं असलेल्या सेवा नवागतांसही सारख्याच मिळाल्या पाहिजेत, प्रत्येकास आपली संस्कृति जतन करण्याची मोकळीक असावी, कांहीं विशेष सेवा तूर्त लागतीलच, आणि त्या सेवा घेणारांच्या सल्ल्यानें चालवून त्यांना शक्य तितक्या लवकर स्वावलंबी करावें. यांतूनच पूर्वीं येऊन स्थिरावलेल्यांच्या हातीं नव्यांच्या मदतीचें काम अधिकाधिक येत गेलें. ज्यास काल कोणीं रस्ता दाखविला, तो आज दुसऱ्यास दाखवूं लागला. मला वाटतें, सेवा खरी कीं वरवरची, हें ओळखण्याची कसोटी हीच.

२०२१ च्या जनगणनेंत ऑस्ट्रेलियांतील परदेशजन्य लोकांत इंग्लंडच्या खालोखाल भारतांत जन्मलेल्यांची संख्या होती; ती पावणेसात लाखांच्या घरांत जाते. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे. तेथें ज्यांचें इंग्रजी अपुरें आहे, अशा पात्र नवागतांसाठीं सरकारी खर्चाचे वर्ग आजही चालतात. त्यांस पूर्वीं ५१० तासांची मर्यादा होती; ती २०२१ मध्यें काढण्यांत आली. आई वर्गांत असेपर्यंत तिच्या लहान मुलास सांभाळण्याचीही सोय आहे, आणि ज्यांना वर्गास जातां येत नाहीं, त्यांना घरीं येऊन शिकविणारे स्वयंसेवक आहेत. आपल्या कित्येक मुली नवऱ्यामागून तेथें जातात. नवरा कामावर गेला कीं चार भिंतींत दिवस काढतात, आणि पत्रांत अगर फोनवर ‘सर्व ठीक आहे’ एवढेंच कळवितात. त्यांना या सोयींची माहिती निघण्यापूर्वींच मिळाली पाहिजे.

येथें बिशप जुवान्नी बात्तिस्ता स्कालाब्रिनी यांचें नांव घेणें उचित होय. इटलींतून लक्षावधि गरीब लोक अमेरिकेस जात असतां त्यांनीं १८८७ मध्यें त्या लोकांच्या सेवेसाठीं धर्मगुरूंचा संघ स्थापिला. परंतु धर्मगुरु पाठवून ते स्वस्थ बसले नाहींत. परदेशगमनाच्या दलालांकडून होणारी लुबाडणूक थांबावी म्हणून कायद्यासाठींही ते झटले. २०२२ मध्यें त्यांना संतपद देण्यांत आलें. नियम आणि माणूस, हीं दोन्ही त्यांनीं एकत्र आणलीं.

मग आपण काय करावें? माझ्या तीन सूचना आहेत. परदेशीं निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबास, तेथें पूर्वीं गेलेल्या आपल्याच एखाद्या कुटुंबाशीं, जाण्यापूर्वीं जोडून द्यावें. दलालाच्या तोंडीं आश्वासनावर विसंबून घर गहाण टाकण्यापूर्वीं कागदपत्रें जाणत्या माणसास दाखवावीं. आणि तिसरी सूचना सर्वांत जवळची. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दींत भाड्याच्या खोल्यांतून परप्रांतीय मजूर आपल्या मुलांबाळांसह राहत आहेत. त्यांची भाषा आपल्याला येत नाहीं, आपली त्यांना येत नाहीं. आपल्या मुलास सिडनीस चांगला शेजारी मिळावा अशी प्रार्थना करणारी माउली, आपल्या गल्लींतील त्या परक्या बाईस सरकारी दवाखान्याची वाट दाखविते काय? तिच्या मुलाचें नांव शाळेंत घालण्यास कोणी बरोबर जातो काय?

पुढच्या रविवारीं मिस्सेनंतर या कामासाठीं नांवें घेण्यांत येतील. वर्गणी मागावयाची नाहीं. आठवड्यांतून एक सायंकाळ मागावयाची आहे.